वहिनीची गाडी का तापते

२८ मार्च, शनिवार

गाडी पुन्हा तापली. या महिन्यातली ही तिसरी वेळ. रंजनावहिनीची ड्यूटी दोनला संपते, एरवी तीन-सव्वातीनपर्यंत ती घरात असते; आज साडेचार झाले. धमधा रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, तशी तिने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि झाडाखाली पाऊण तास बसून राहिली. घाबरली असेल, असे मला वाटले होते. चपला काढता काढता म्हणाली, "मस्त झोप झाली."

वहिनी एका खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स आहे. रुआबांध्यापासून बेचाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे आठ मोठा रस्ता सोडून आत. तिथे बस जात नाही. गाडी नाही तर ही नोकरीही नाही. हे घरात सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. लिहिल्यावर वजन कळते.

परीक्षेचा अभ्यास ३ तास. भाषाविज्ञान अर्धेच.

२९ मार्च, रविवार

दादा बिलासपूरहून आला. रेल्वेत आहे, दर रविवारी येतो. जेवताना त्याने विषय काढला. घरापासून दहा मिनिटांवरच्या एका नर्सिंग होमने वहिनीला नोकरीसाठी बोलावले आहे. तीस एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचे.

"एकटी बाई, भर उन्हात रस्त्यावर उभी. मले तिथं ड्यूटीवर कसं वाटत असन?"

"तुमाले वाटते ते खरं," वहिनी म्हणाली. "पण सातव्या महिन्यातल्या चार बाया आहेत माह्याकडे. त्यायले कसं वाटन?"

"गाडी ठीक झाली तर जाय ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? नाही झाली, तर तीस तारखेले नर्सिंग होमले हो म्हणायचं. बस."

वहिनीने त्याच्या ताटात भात वाढला. "ठीक आहे." आवाज चढला नाही, उतरलाही नाही. मला पाणी मागायचे असले तरी आधी वाक्य मनात जुळवावे लागते.

३० मार्च, सोमवार

बाबांनी सूत्रे हाती घेतली. स्टील प्लांटमधल्या भट्टीच्या भिंतींतून फिरणारे पाणी सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षे गेली. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. अजूनही नळाच्या धारेला ते आधी हाताची मागची बाजू लावून पाहतात.

"रीडिंगशिवाय बोलायचं नाही," हा त्यांचा पहिला नियम. एका जुन्या वहीत त्यांनी पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, किलोमीटर, काटा, बाटली, शेरा. लिहिण्याचे काम माझ्याकडे. रेडिएटरच्या शेजारी एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यातले हिरवे पाणी बाहेरून दिसते. ती संध्याकाळी आणि सकाळी पाहायची. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कोणीही उघडायचे नाही.

"भट्टी असो का गाडी, दाबातल्या पाण्याची मस्करी नाही करायची."

"मामाजी," वहिनी म्हणाली; सासऱ्यांना ती मामाजीच म्हणते. "भट्टी सुटली, पण तुमची शिफ्ट काही सुटून नाही राहिली."

बाबा हसले. आई गेल्यापासून त्यांना इतके मोकळे

(वहिनीने हाक मारली. वाक्य राहिले.)

५ एप्रिल, रविवार

आठवड्याचा गोषवारा. गावातल्या गावात काटा शांत. मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास झाला की चढू लागतो. बाटली सदैव भरलेली, म्हणून पाणी कमी नाही, हे बाबांचे अनुमान. पंखा वेळेवर सुरू होतो. चौकातल्या गॅरेजचे वर्मा मिस्त्री येऊन पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बदलून गेले. सर्व नळ्या कोरड्या, गळती कुठेही नाही.

बाबा एकेक शक्यता खोडत जातात ते पाहण्यासारखे असते. घाई नाही, आवाज नाही. प्रत्येक जोडावर बोट ठेवतात, बोट पाहतात, पुसतात, पुढे जातात. मला भूमितीतली प्रमेये अशी कोणी शिकवली असती तर!

अभ्यास ५ तास.

८ एप्रिल, बुधवार

गाडीच्या कप्प्यात तिची माहितीपुस्तिका सापडली. वरची प्लास्टिकची पिशवीही फाडलेली नव्हती. इंग्रजीत आहे. दहावी-बारावीला मामाकडे गोंदियात मराठी माध्यमातून पहिली आले, पण यंत्राचे इंग्रजी वेगळेच. शब्दकोश घेऊन दोन तास बसले.

तापल्यावर रेडिएटरमधले जादा पाणी झाकणातून बाटलीत जाते. थंड झाल्यावर तेच पाणी रेडिएटर परत ओढून घेतो. म्हणजे बाटलीतली पातळी संध्याकाळी वर आणि सकाळी खाली असायला हवी.

माझ्या नोंदी अशा. संध्याकाळ: पूर्ण. सकाळ: पूर्ण. संध्याकाळ: पूर्णच्या वर दोन बोटे. सकाळ: तितकीच.

पाणी जाते. परत येत नाही.

वही घेऊन अंगणात गेले. बाबा नळ्या पुसत होते. मान वर करून म्हणाले, "काय व माय?"

मी म्हटले, "चहा ठेवू?"

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी विहारात जायचे होते. वहिनी पांढरी साडी नेसून तयार होती, तेवढ्यात केंद्रावरून फोन आला. पहिलटकरीण, कळा सुरू. तशीच निघाली.

सव्वानऊला बाबांना तिचा फोन. शब्द जवळजवळ असेच होते: "मामाजी, काटा लाल, वाफ निघून राहिली. गाडी बाभळीखाली लावली, चाबी माह्यापाशी. मी मोटरसायकलवर चालली."

मोटरसायकल कोणाची, हे संध्याकाळी कळले. एका टरबूजवाल्याची. दोन पोत्यांच्या मध्ये बसून आठ किलोमीटर गेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला बाबा आजवर एकदाही चुकले नव्हते. आज चुकले, वर्मा मिस्त्रींना घेऊन गाडी ओढून आणायला गेले.

वहिनी साडी बादलीत भिजवत होती. पदराला रक्ताचे डाग. "थंड्या पाण्यात निघते," म्हणाली. मी शेजारी उभी राहिले. सहा दिवस एक वाक्य गिळून मी घरात बसले होते, आणि ही बाई पोत्यांच्या मध्ये बसून गेली.

अभ्यास नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

निदान झाले. वहिनी कालपासून रजेवर. सकाळी इंजिन थंड असताना बाबांनी रेडिएटरचे झाकण उघडले. आत पाणी दिसेना. दीड लिटर ओतले तेव्हा कुठे काठाला आले. बाटली भरलेली, गळती नाही. मग दीड लिटर गेले कुठे? झाकण काढलेलेच ठेवून त्यांनी इंजिन सुरू केले. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. बाबा बराच वेळ वाकून पाहत राहिले.

भट्टीत गरम हवा सोडणारी तांब्याची तोंडे असतात, त्यांच्याही आत पाणी फिरते. एखादे तोंड फुटले की परतीच्या पाण्यात बुडबुडे दिसतात. अशा बुडबुड्यांवरून बाबांनी फुटलेले तोंड नेमके हेरल्याच्या गोष्टी त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. बाबा सरळ झाले आणि म्हणाले, "इंजिनात पाणी जळून राहिलं. हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले सील.

मिस्त्रींनी डोके खाजवले. "भैया, एक बार और देख लेते... पर आप भट्ठी के आदमी हो. आप बोल रहे हो तो होगा."

सोमवारी इंजिन उघडायचे ठरले. किमान पंधरा दिवस. "और एक बार खुला, तो पहले जैसा बैठेगा, ये गारंटी मेरे से मत माँगना."

पंधरा दिवसांत तीस एप्रिल उलटून जाईल. वहिनीने कॅलेंडरकडे पाहिले नाही. मी पाहिले.

१७ एप्रिल, शुक्रवार

सांगितले. बाबांना नव्हे, वहिनीला. आणि तेही तोंडाने नव्हे. ती भाजी निवडत होती, तिथे नोंदींची वही आणि ती पुस्तिका, पानात पेन्सिल घालून, ठेवून दिली. तिने हात पुसले. पुस्तिकेतले चित्र पाहिले, मग माझ्या रकान्यांवरून बोट सावकाश खाली नेले.

"हे कधी वाचलं होतं तू?"

"आठ तारखेला."

"अन् सांगितलं कावून नाही?"

"बाबांना अनुभव आहे. मी फक्त वाचले आहे."

"वाचले आहे," तिने माझी नक्कल केली. "घरात तरी पुस्तकावानी नको बोलू व. आमच्याकडे डॉक्टरलेही अनुभव असते. तरी नर्सनं बोलायचं असते."

इतकेच. याहून जास्त रागावली असती तर बरे वाटले असते.

मग भाजी तशीच ठेवून म्हणाली, "काही बायांचे पाय सुजून हे एवढे होतात, अन् सलाईन लावाले गेलं तर नस सापडत नाही. अंगात पाणी खूप, पण जिथं पायजे तिथं नाही. ही बाटली म्हणजे सुजलेला पाय आहे, प्रज्ञा. आपण सगळे पायच पाहून राहिलो."

मी ते पान नऊ दिवसांत अकरा वेळा वाचले असेल. मला त्यात पाय दिसला नव्हता.

१८ एप्रिल, शनिवार

वहिनीने बाबांना विचारले, "मामाजी, सोमवारी इंजिन उघडाच. पण त्याच्या आधी एक चार्ट मी भरू का?"

"भर ना. पण लांब नाही न्यायची."

बाटलीतले पाणी तिने अर्ध्यावर आणले. मग आपल्या पिशवीतून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढून बाटलीवर उभी लावली. सलाईन किती गेले ते कळावे म्हणून त्याच्या बाटलीवर लावतात तशी. संध्याकाळी आणि सकाळी पातळीपाशी रेघ मारायची आणि वेळ लिहायची.

संध्याकाळी आम्ही दोघींनी जवळच्या कुरुदपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. मी शेजारी बसून काटा वाचत होते. "कोणी विचारलं तर सांगजो, वहिनी ननंदेले हवा खाऊ घालून राहिली." गाडी चालवताना तिचा डावा हात गिअरवर असा असतो, जणू कोणाच्या मनगटावर नाडी पाहते आहे.

घरी आल्यावर, इंजिन गरम असताना, पहिली रेघ. ६.४०.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला बॉनेट उघडले. पाणी ६.४० च्या रेघेलाच टेकलेले. तसूभरही खाली नाही. वहिनीने रेडिएटरची वरची रबरी नळी दाखवली: मधोमध चपटी झालेली, कोणीतरी आतून शोषल्यासारखी.

"पाणी ओढून राहिला बिचारा. भेटून नाही राहिलं."

तिने फडक्याने धरून झाकण फिरवले. फुस्स करून हवा आत शिरली आणि नळी पुन्हा गोल झाली. झाकणाच्या पोटाशी एक लहान चकती आहे. परतीच्या पाण्यासाठी तीच उघडते. तिने नखाने ओढून पाहिली. गंजाने घट्ट चिकटलेली.

बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले, कळले नाही. वहिनी बाजूला सरकली. त्यांनी झाकण हातात घेतले. चष्मा लावला. चकती स्वतःच्या नखाने ओढली, एकदा, दोनदा.

"अन् बुडबुडे?"

"बाटली भरली का वरचं पाणी रस्त्यात सांडते. कमी झालं तिथं हवा भरली, मामाजी. तीच निघत असन. गॅस्केटच गेलं असतं तर ऑइलमध्ये पाणी असतं. दिसलं का तुमाले? पांढरा धूर?"

"नाही."

"मले पक्कं नाही माहीत. पण आधी झाकण बदलून पाहू. इंजिन कुठं पळून चाललं?"

बाबांनी वही मागितली. १६ तारखेच्या शेऱ्यापुढे, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात, स्वतः लिहिले: "माझे निदान घाईचे होते. रीडिंग बरोबर, पण घेण्याची जागा एकच होती. रेडिएटर रोज पाहायला हवा होता." खाली पूर्ण सही, तारखेसह.

त्यांच्या सहीकडे पाहून मला बळ आले. म्हटले, "बाबा, मी हे आठ तारखेलाच वाचले होते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मंग त्या दिवशी चहाचं कावून विचारलं?"

त्यांनी पेन माझ्या हातात दिले. मीही एक ओळ लिहिली आणि सही केली. मग ते वहिनीला म्हणाले, "रंजना, तू बस. आज पोहे मी करतो." पोह्यांत मीठ नव्हते. ताटल्या रिकाम्या झाल्या.

दादा दुपारी आला. सगळे ऐकून घेतले. "एका झाकणानं एवढं?"

"झाकणानंच," बाबा म्हणाले.

"ठीक आहे. एक हप्ता चालवा. रविवारी वही मी पाहीन, मंग ठरवू."

२० एप्रिल, सोमवार

वर्मा मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर. बाबांनी झाकण त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी चकती दाबून पाहिली आणि हसू लागले.

"भैया, मैं तो उसी दिन बोलने वाला था कि पहले ढक्कन देख लो. आपने भट्ठी की ऐसी बात सुनाई कि मेरे को भी गॅस्केट दिखने लगा."

"तो बोलना था ना."

"आपके सामने कौन बोले."

मी जमिनीकडे पाहिले. म्हणजे मी एकटीच नव्हते.

त्यांनीच पॉवर हाऊस भागातल्या दुकानातून नवीन झाकण आणले. रेडिएटर काठोकाठ भरला, इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा निघू दिली. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. ते थांबेपर्यंत बाबा वाकून होते.

वहिनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसली होती. दहाला निघाली. चारला परत. काटा मध्यावर.

२१ एप्रिल, मंगळवार

काल संध्या. ४.२०: वर. सकाळ ६.००: दोन बोटे खाली. नळी गोल.

वहिनीने पट्टीवर दुसरी रेघ ओढली आणि मान कलती करून लांबून पाहिली, अंगणातली रांगोळी पाहावी तशी.

अभ्यास ६ तास. बऱ्याच दिवसांनी.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज मी सोबत गेले, काटा वाचायला. जाताना पूर्ण रस्ता मध्यावर.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. वहिनी गाडीतून उतरायच्या आधीच बाया उठून उभ्या राहिल्या. घरात ती माझी चेष्टा करणारी वहिनी. तिथे तिचे बोलणे अर्धे झाले आणि हात दुप्पट. एका बाईच्या पोटावर तळहात ठेवून ती इतकी स्थिर झाली की व्हरांड्यातली लहान मुलेसुद्धा गप्प बसली. चौदा तारखेची मुलगी दाखवायला तिची आजी आली होती.

"गाड़ी बने होगे का, सिस्टर?" गाडी ठीक झाली का, विचारत होती.

"होगे, दाई."

तपासणीच्या टेबलावरची बाई आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "मई म रइहव न, सिस्टर?" मे महिन्यात तुम्ही असाल ना? वहिनीने तिच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला, "बोलू नको आता," अशी खूण केली आणि कानाला नळ्या लावल्या.

परतताना रेल्वेफाटक बंद. अडीचचे ऊन, पुढे-मागे ट्रक, एसी चालू. २.३५ ला काटा मध्यापेक्षा एक घर वर गेला. मी पाहिला. तिने पाहिला. तिने एसी बंद केला, काचा उघडल्या. पंखा घरघरत होता. रेल्वे गेली, फाटक उघडले, आम्ही निघालो, २.५० ला काटा पुन्हा मध्यावर.

घराच्या दाराशी गाडी बंद करून ती म्हणाली, "जे दिसलं ते लिहिजो."

मी विचारलेही नव्हते.

लिहिले. वेळेसह. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवून बाबांना दाखवले. ते म्हणाले, "फाटकावर उभ्या गाडीत एवढं चालते. पण तेच इंजिन चारदा तापलं आहे. आत काय झालं असन, ते मी आता पाहिल्याशिवाय नाही सांगत." रकाना त्यांनीही रिकामाच ठेवला.

२६ एप्रिल, रविवार

जेवण झाल्यावर दादाने वही मागितली. पुढच्या खोलीत बसून पहिल्या पानापासून वाचू लागला, ओळीवर बोट ठेवून. बाबा खुर्चीत, डोळे मिटून; झोपलेले नव्हते. मी पुस्तक उघडून बसले होते, पान तेच. वहिनी आतल्या खोलीत मे महिन्यातल्या बाळंतिणींची यादी करत होती.

सह्यांच्या पानावर दादा थांबला. बाबांकडे पाहिले. मग पुढे गेला. शुक्रवारच्या ओळीवर बोट टेकले.

"हे काय?"

बाबांना नाही विचारले. वहिनीलाही नाही. मला.

"फाटक बंद होते. पंधरा मिनिटांत काटा खाली आला. मी गाडीत होते."

"अन् तुले काय वाटते?"

परीक्षेच्या पेपराबाहेर हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. म्हटले, "झाकणाचे निदान बरोबर आहे. पाणी रोज परत येते. इंजिनाला आधीच काही झाले आहे का, ते मला माहीत नाही. बाबांनाही नाही. पण इंजिन बिघडल्याचे वहिनीला माहीत असते, तरीही तिने मला ही ओळ लिहायला लावली असती, जशी आता लावली."

रिकाम्या शेऱ्यावर दादाचे बोट तसेच राहिले. "गुरुवारले तीस तारीख," एवढेच म्हणाला. मला, की स्वतःला, कळले नाही.

आत वहिनीचा फोन वाजला. केंद्रावरची कोणी असावी. भिंतीपलीकडून तिचा आवाज स्पष्ट आला, घाई नसलेला: "हव, काली आठ बजे आहूँ. मई के बात मई म देखबो." हो, उद्या आठला येते; मेचे मेमध्ये पाहू.

दादानेही ते ऐकले. वही त्याच्या मांडीवर उघडीच आहे.